पाटी धरा, मग ताट

दुपारचे पावणेबारा झाले की स्टँडमागच्या लिंबाखाली ओळ लागायची. मच्छिंद्रचा टेम्पो यायचा, मागचं फळकं खाली पडायचं, पण आधी पातेली उतरायची नाहीत. आधी उतरायची पाटी. शाळेतल्या पोरांची असते तशी, लाकडी चौकटीची काळी पाटी, आणि तिच्यावर खडूनं त्या दिवशीच्या अन्नदात्याचं नाव. कुणाचा वाढदिवस, कुणाच्या वडिलांचं वर्षश्राद्ध, कुणाच्या मुलीला पुण्यात नोकरी लागलेली. जेवणाऱ्यानं एका हातात ताट घ्यायचं, दुसऱ्या हातानं पाटी छातीशी धरायची आणि मोबाईलकडं बघायचं. फोटो निघाला की पाटी मागच्याच्या हातात द्यायची आणि जेवायला बसायचं. पाटी धरा, मग ताट. 'घासातला घास' मंडळाचा हा नियम होता आणि तो दमयंतीबाई निसळ यांनी घालून दिलेला होता.

दमयंतीबाईंनी एकतीस वर्षं शाळेच्या कचेरीत कारकुनी केली होती. दाखल्यावरची जन्मतारीख कुणी खोडून वर्षभर पुढं ढकलली असेल, तर कागद खिडकीच्या उजेडाला धरून त्या सांगायच्या, "ही शाई आमची नाही." पालक गयावया करायचे, पुढाऱ्यांचे फोन यायचे, पण बाई हलायच्या नाहीत. ताकही फुंकून प्यायची त्यांची रीत, आणि दुधानं त्यांचं तोंड कधी पोळलं होतं म्हणावं तर तसंही नाही. संशय हा त्यांचा स्वभाव नव्हता, हुद्दा होता. निवृत्त झाल्या तरी तो काही त्यांनी खाली ठेवला नाही.

ओळीत कोण नसायचं? नागापूरच्या एका कारखान्यात आधी तीन बोटं आणि मागोमाग काम गमावलेला एक कामगार होता. दवाखान्याच्या दारात सोडून घरचे निघून गेले ती एक आजी होती. पुलाखाली चूल मांडलेलं एक कुटुंब होतं, त्यातला बाप रोज म्हणायचा की पुढच्या महिन्यात खोली बघणार. जिल्ह्याचं नाव बदललं, स्टँडवरच्या पाट्या बदलल्या, लोक अजून नगरच म्हणतात, आणि ही ओळ काही बदलली नाही. सगळे पाटी धरायचे. पोटात आग पडलेली असताना पाटी काय, कुणी डोक्यावर दगड धरायला सांगितला तरी माणूस धरतं.

फक्त एक बाई फोटोच्या वेळी पदर ओढून घ्यायची.

वय सत्तरीच्या आतबाहेर असेल. अंगावर जुनंच पण धुतलेलं लुगडं, केसांना तेल, विंचरून घातलेला अंबाडा, काखेत बोचकं. पाटी ती निमूट धरायची, पण मोबाईल वर झाला की पदर असा खाली यायचा की फोटोत पाटी दिसायची, ताट दिसायचं, चेहरा नाही.

"पदर वर घ्या आजी," दमयंतीबाई म्हणायच्या.

"ऱ्हाऊ द्या की बाई. पाटी दिसती न्हवं?"

पाटी दिसत होती, हे खरं. पण दमयंतीबाईंना ते बरं वाटेना. पहिल्या आठवड्यात त्यांनी चौकशी केली.

"नाव काय?"

"रतनबाई."

"आडनाव?"

"रतनबाईच म्हना."

"गाव?"

"कर्जतीकडलं."

"मुलंबाळं?"

"हायती."

"कुठे असतात?"

"आपापल्या जागी," असं म्हणून ती ताट घेऊन लिंबाच्या पलीकडं जाऊन बसली. जेवायच्या आधी तिनं भाकरीचा एक बारका घास मोडून ताटाबाहेर ठेवला, हात जोडले आणि मग जेवायला लागली. दमयंतीबाई बघत होत्या. त्यांच्या मनानं नोंद केली: भुकेलं माणूस घास बाजूला ठेवतं का? आणि केसांना तेल? रस्त्यावर राहणाऱ्या बाईला तेल कुठून?

हीच गंमत असते बघा. गरीब माणूस मळकं असेल तर आपण नाक दाबतो, आणि स्वच्छ असेल तर म्हणतो, हा कसला गरीब!

पुढच्या आठवड्यात रतनबाईच्या बोचक्यातून फोन वाजला. साधा, बटणांचा. ती पाठ करून बोलायला लागली आणि दमयंतीबाई पाण्याचा जग घेऊन मुद्दाम त्या बाजूला गेल्या.

"व्हय, बरी हाय म्या. धाकल्याकडंच हाय. हां, जेवले की. सुनंनं भरीत केल्तं. आता पडते जरा." रतनबाई लिंबाच्या मुळीवर बसून बोलत होती आणि तिच्या पुढ्यातल्या ताटात मंडळाची आमटी होती.

दमयंतीबाईंचे कान टवकारले. रस्त्यावर बसून घरी आहे म्हणते. आमटी खाते आणि भरीत सांगते. इतक्या सराईतपणे खोटं बोलणारी बाई साधी असेल का?

घरी आल्यावर त्यांनी हे नवऱ्याला, सुमंतरावांना सांगितलं. सुमंतराव पोस्टातून निवृत्त झालेले, स्वभावानं मऊ. कोथिंबीर निवडता निवडता त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तू तिला इतकं विचारलंस. भूक किती लागते, पोट भरतं का, हे विचारलंस का?"

"अहो, ते काय विचारायचं? जेवायला येते म्हणजे भूक असणारच."

"मग बाकीचं कशाला विचारायचं?"

दमयंतीबाईंनी कोथिंबिरीची जुडी त्यांच्या हातून काढून घेतली. "तुम्ही आयुष्यभर पाकिटं फोडली नाहीत, नुसती पोचवलीत. तुम्हाला नाही कळायचं."

आता खरं सांगायचं तर संशय एकट्या दमयंतीबाईंना नव्हता. मंडळाच्या ग्रुपवर अडीचशे माणसं होती आणि ज्यानं त्यानं आपापल्या नावाच्या ताटाचा फोटो मोठा करून बघितलेला असायचा. ग्रुप सांभाळणारी मनवा शेजारच्याच इमारतीत राहायची. घरून कॉम्प्युटरवर काम करणारी, हुशार, तुरुतुरु बोलणारी. एका संध्याकाळी ती मोबाईल घेऊनच आली.

"काकू, हे वाचा. 'आमच्या बाबांच्या नावच्या ताटात चेहरा का नाही? एकाच बाईला चार वेळा उभं करून फोटो काढत नाही ना?' कसं वाटतं सांगा ऐकायला."

दमयंतीबाईंच्या कानशिलाला चटका बसला. जिनं जन्मभर दुसऱ्याचे दाखले तपासले, तिच्याच दाखल्यावर शंका. आणि ही शंका कुणामुळं? त्या पदरवालीमुळं. देणारे मंडळावर संशय घेत होते, मंडळ दमयंतीबाईंकडं बघत होतं आणि दमयंतीबाई रतनबाईकडं. वरचं पाणी शेवटी खालच्याच घरात शिरतं.

त्यातच ग्रुपवर दुसरा एक मजकूर फिरत होता. मुलं पळवणारी टोळी आली आहे, म्हाताऱ्या बायकांच्या वेषात असतात, गोड बोलून खाऊ देतात. कुठल्या गावचा, कधीचा, कुणी लिहिलेला, काही पत्ता नाही. एरवी अशा निनावी कागदाला दमयंतीबाईंनी हात लावला नसता. पण मोबाईलवरचा मजकूर उजेडाला धरून बघता येत नाही.

बुधवारी सुमंतरावांना सत्तरावं लागलं. त्या दिवशीची ताटं निसळांकडून होती. दमयंतीबाईंनी दोन दिवस खपून शेंगदाणा-गुळाचे लाडू वळले होते. सुंठ घातलेले, आणि वर प्रत्येकी एक मनुका अंगठ्यानं दाबलेली. ही त्यांच्या सासूबाईंची रीत होती. ताटात दोन दोन लाडू. रतनबाईनं पाटी धरली, पदर ओढला, ताट घेतलं. भाजी-भाकरी खाल्ली. लाडू मात्र दोन्ही पदराच्या टोकाला बांधून बोचक्यात टाकले.

"इथेच खायचं असतं आजी. बांधून न्यायचं नाही," दमयंतीबाई म्हणाल्या.

"सांजंला खाईन, बाई."

स्वतःच्या हातचा लाडू न चाखता कुणी बांधून नेला याचा राग दमयंतीबाईंना आला, हे त्यांनी नंतर कबूल केलं. विकत असेल, असंही मनात येऊन गेलं.

त्याच दिवशी संध्याकाळी त्या शहराच्या सावेडी भागात भाजी घ्यायला निघाल्या. वाटेत एक शाळा लागते. साडेपाचची घंटा झाली होती, पोरं बाहेर सांडत होती, फाटकापुढं रिक्षांची गर्दी. आणि समोर, उसाच्या रसाच्या गाडीपलीकडं, रतनबाई उभी होती.

दमयंतीबाई जागच्या जागी थांबल्या. स्टँडपासून इथवर म्हातारी चालत आली? कशासाठी? ती फाटकातून येणारं एकेक पोर निरखून बघत होती. मग दोन वेण्या घातलेली, सहा-सात वर्षांची एक मुलगी गर्दीतून तिच्याकडं धावली. रतनबाईनं पदराची गाठ सोडली, मुलीच्या हातावर काहीतरी ठेवलं, तिच्या गालावरून हात फिरवला आणि पटकन इकडंतिकडं पाहिलं. पदर खांद्यावर उतरला होता. सुरकुतलेला, उन्हानं रापलेला सबंध चेहरा समोर होता.

दमयंतीबाईंनी मोबाईल वर केला. चेहरा, मुलगी आणि पुढं झालेला हात, तिन्ही एका फोटोत आली.

भाजी न घेताच त्या मनवाकडं गेल्या. मनवानं फोटो पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. "काकू, ग्रुपवर टाकाच. काही झालं तर आपलंच नाव येईल."

दमयंतीबाई खुर्चीवर बसल्या आणि शब्द तोलून लिहायला लागल्या. 'ही बाई आपल्याकडे जेवते व चेहरा लपवते. आज शाळेबाहेर एका मुलीला काहीतरी खायला देताना आढळली. कुणी ओळखत असल्यास कळवावे. खात्री नाही.'

'काहीतरी' या शब्दापाशी त्या घटकाभर थांबल्या होत्या. तो लाडू होता. कालच स्वतःच्या अंगठ्यानं मनुका दाबलेला लाडू त्यांना रस्त्यापलीकडूनही ओळखता आला होता. पण 'मुलीला लाडू देताना आढळली' असं लिहिलं तर वाचणाऱ्याला त्यात गैर काय वाटणार? म्हणून त्यांनी 'काहीतरी' लिहिलं. एकतीस वर्षांत एकाही कागदावर त्यांनी खोटं लिहिलं नव्हतं. हेही खोटं नव्हतं म्हणा. खोट्याच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवलेलं खरं होतं ते.

गुरुवारी रतनबाई जेवायला आली, पाटी धरली, पदर ओढला. दमयंतीबाईंनी तिला एक शब्दही विचारला नाही. सकाळपर्यंत तो फोटो निदान चार ग्रुपांतून फिरून त्यांच्याकडंच परत आला होता. कुणीतरी वर लाल अक्षरांत 'सावधान' घातलं होतं. त्यांचं 'खात्री नाही' वाटेत कुठंतरी गळून पडलं होतं. 'काहीतरी' मात्र शाबूत होतं.

संध्याकाळी पावणेसहाला मच्छिंद्रचा फोन आला.

"काकू, लवकर या. आपली पदरवाली म्हातारी, शाळंपाशी लोकांनी धरलीय. लई मारायला लागल्यात. म्या हाय हितं, पन मला एकट्याला आवरत न्हाई."

दमयंतीबाई पायात सापडेल ती चप्पल घालून निघाल्या. मागून सुमंतराव विचारत राहिले काय झालं.

रसाच्या गाडीपाशी पन्नास-साठ माणसं होती. मच्छिंद्र दोन्ही हात पसरून उभा होता आणि त्याच्या मागं, भिंतीला टेकून, रतनबाई. अंबाडा सुटलेला, ओठ फुटलेला, लुगडं खांद्यावर फाटलेलं. अशाही अवस्थेत ती उरलेला पदर तोंडावर ओढत होती आणि एक माणूस तो पुन्हा पुन्हा खाली खेचत होता. आठ-दहा मोबाईल वर झाले होते. कुणीतरी बोचकं रस्त्यावर उपडं केलं होतं. त्यातून पडलं होतं एक लुगडं, फणी, खोबरेल तेलाची बोटभर बाटली, बटणांचा फोन, आधार कार्ड आणि कागदात गुंडाळलेला एक लाडू.

"लाडू बघा लाडू," पांढऱ्या शर्टातला एक माणूस तो उंच धरून दाखवत होता. "गुंगीचं औषध घातलेलं असणार. मेसेजमध्ये तसंच लिहिलंय."

"कुठल्या मेसेजमध्ये?" दमयंतीबाईंनी गर्दीत घुसत विचारलं.

"अन्नदानवाल्यांच्या ग्रुपवर आलंय. जबाबदार बाईंनी टाकलंय, उगीच नाही."

"ती जबाबदार बाई मी. द्या तो इकडे."

त्यांनी लाडू हातात घेतला. मनुका जागच्या जागी होती, अंगठ्याचा खळगा तसाच होता. सगळे बघत असताना त्यांनी तो तोंडात घातला. सगळा चावून गिळला. 

"हा लाडू मी केलाय," त्या म्हणाल्या. "माझ्या नवऱ्याच्या वाढदिवसाचा. काल हिला मी ताटात वाढला. फोटोतलाही माझाच होता, आणि फोटो काढला तेव्हा मला ते माहीत होतं. मारायचं असेल कुणाला तर मला मारा."

कुणी मारलं नाही. अशा वेळी पन्नास माणसांना एकदम घरची कामं आठवतात. तरी दहा-बारा जण थांबलेच, कारण तेवढ्यात स्कूटीवरून एक तिशीतली बाई आली होती. शाळेनंच फोन करून तिला बोलावलं होतं. फोटोतली मुलगी शिपायाचं बोट धरून फाटकात उभी होती. सृष्टी तिचं नाव. ही तिची आई, ज्ञानेश्वरी.

"ताई, ही बाई तुमच्या मुलीला खाऊ देत होती. ओळखता का हिला?" पांढऱ्या शर्टवाल्यानं विचारलं.

ज्ञानेश्वरीनं भिंतीकडं पाहिलं आणि हातातली किल्ली तशीच राहिली. तिचे ओठ हलले. पण तिच्या आधी रतनबाई बोलली.

"त्या कशाला वळखतील मला? म्या बी ह्या ताईला कदी पायलं न्हाई. पोर दिसली, माया आली, लाडू दिला. चुकलं माजं."

"आई," सृष्टी फाटकातून म्हणाली, "कर्जतची आजी हाय ना ती?"

ज्ञानेश्वरीच्या गल्लीतल्या दोन बायका गर्दीत होत्या, त्या एकमेकींकडं बघायला लागल्या. ज्ञानेश्वरीनं त्यांना पाहिलं, मग आईला पाहिलं. रतनबाईनं मान नकारार्थी हलवली, इतकी हळू की फक्त तिला आणि दमयंतीबाईंना दिसावी. ज्ञानेश्वरीनं मुलीचा हात धरला, तिला स्कूटीवर पुढं उभं केलं आणि निघून गेली. तिचे खांदे हलत होते.

दमयंतीबाईंनी रस्त्यावरचं आधार कार्ड उचललं. सवयीनं उजेडाला धरलं. नाव रतनबाई, तालुका कर्जत. सगळं खरं होतं.

मच्छिंद्रनं रसवाल्याकडून पाणी आणलं. बंद दुकानाच्या पायरीवर रतनबाई बसली. तिनं आधी फणी शोधली आणि केस विंचरून पुन्हा अंबाडा बांधला. मगच पाणी प्याली.

"लेक व्हय तुमची?" मच्छिंद्रनं विचारलं.

"व्हय." मग आपणहूनच सांगायला लागली. "दोन ल्योक हायती. म्हाताऱ्यामागं वाटनी झाली. रान वाटलं, हीर वाटली, म्हशी वाटल्या. म्या ऱ्हायले, मग मला बी वाटलं. येक म्हैना थोरल्याकडं, येक म्हैना धाकल्याकडं. गावात समद्यांचंच तसं हाय, त्यात काय नवं न्हाई. पन काही म्हैन्याला एकतीस तारीख असती न्हवं? थोरला म्हनायचा, माजे तीस दिस भरले. धाकला म्हनायचा, माजी पाळी उद्यापास्नं. त्या दिसाला कुनाच्याच चुलीवर माजी भाकर नसायची. म्या सांगायची, आज उपास हाय."

दमयंतीबाई तिच्या शेजारी पायरीवर बसल्या.

"दोन वर्सं तसं काडलं. मग येक दिस धाकल्याचं पोरगं माजं ताट मांडाय लागलं, तर त्याची आई म्हनली, मांडू नगं, आज ती आपली न्हाई. ते लई लागलं बगा. दोगा ल्योकांना सांगितलं लेकीकडं चालले. लेकीला फोनवर सांगती, धाकल्याकडं हाय. कुनी कुनाला इचारीत न्हाई. इचारलं तर ठिवून घ्यावं लागंल."

"लेकीकडं का नाही गेलात?"

"लेकीच्या घरचं खात्यात का, बाई? तिला सासू हाय. भावांना आई जड झाली, ह्ये त्या पोरीनं जलमभर ऐकायचं? म्हनून तोंड झाकत हुते. फोटू कुनाकुनाच्या मोबाईलात जातू. नात तेवडी सांजंला बगायची, म्हनून नगरात ऱ्हायले. तिला म्हनलं हुतं, आईला सांगू नगं." तिनं दमयंतीबाईंकडं पाहिलं. "त्यो फोटू तुमी काडला व्हय?"

"हो. मीच काढला."

रतनबाईनं फाटलेला पदर खांद्यावर नीट घेतला. रागावली असती तर दमयंतीबाईंना सोपं गेलं असतं.

"माज्यापाशी झाकायला येवडंच हुतं, बाई," ती म्हणाली.

दमयंतीबाई तिला घरी चला म्हणाल्या, हात जोडले, डोळ्यांतून पाणी काढलं. रतनबाई 'बरं' म्हणाली. दमयंतीबाई आणि मच्छिंद्र कोपऱ्यावर रिक्षा बघायला गेले, परत आले, तर पायरी रिकामी होती. रिकामा ग्लास नीट धुऊन पालथा घातलेला होता.

शुक्रवारी दुपारी लिंबाखालच्या ओळीत ज्ञानेश्वरी उभी होती. डोळे सुजलेले. तिच्या दोन्ही भावांनी फोटो पाहिला होता आणि रात्रभर फोनवर एकमेकांना शिव्या दिल्या होत्या, तू सोडलीस, तू सोडलीस म्हणून. शोधायला दोघांतला एकही निघाला नव्हता.

"काल माझ्या तोंडातून शब्द फुटला न्हाई, काकू," ती म्हणाली. "आता सासूबाईंना सगळं सांगून आलेय. त्या म्हणल्या, घेऊन ये. एवढंच होतं बघा. आधी विचारलं असतं तर..." तिनं ओळीवरून नजर फिरवली. "आई आली का हितं?"

रतनबाई आली नव्हती. दमयंतीबाईंनी त्या दिवशी टेम्पोतून पाटी उतरू दिली नाही. नाव ओल्या फडक्यानं पुसलं आणि पाटी पुलाखालच्या कुटुंबातल्या पोरीला देऊन टाकली. ग्रुपवर लिहिलं की यापुढं फोटो निघणार नाहीत, कुणाला खात्री करायची असेल त्यानं बारा वाजता येऊन वाढायला उभं राहावं. निम्मी माणसं ग्रुप सोडून गेली. चाळीस ताटांपुरती देणगी यायची, ती सतरा ताटांवर आली. बाकीच्या भाकऱ्या आता गल्लीतल्या बायका मिळून थापतात, मनवाही त्यांत बसते, तिची अजून गोल होत नाही. सुमंतराव वाढतात आणि प्रत्येकाला विचारतात, "पोट भरलं का?"

दमयंतीबाई, ज्ञानेश्वरी आणि मच्छिंद्र यांनी स्टेशन पाहिलं, दवाखाने पाहिले, कर्जतची वाटही धुंडाळली. बटणांचा फोन बंद लागतो. फोटो मात्र बंद होत नाही. तीन आठवड्यांनी तो दमयंतीबाईंच्या पारनेरच्या नणंदेकडून आला. खाली लिहिलं होतं, 'ही बाई आपल्या भागात दिसली आहे, काही खायला मागितल्यास देऊ नये.' तो मजकूर वाचून दमयंतीबाई देवघरासमोर जाऊन बसल्या आणि मोठ्यानं रडल्या. भुकेल्या बाईला त्यांनी गावोगाव दारं बंद करून दिली होती आणि ती उघडायची किल्ली त्यांच्यापाशी नव्हती.

मग त्यांनी तोंड धुतलं, चष्मा लावला आणि जन्मभर लिहिले तसा एक दाखला लिहिला. तो फोटो जिथून जिथून येतो तिथं तिथं त्या तो धाडतात. रोज धाडतात.

'दाखला देण्यात येतो की, सदर छायाचित्र मी काढलेले आहे. छायाचित्रातील महिला मुले पळवणारी नाही. ती एका मुलीची आजी आहे. तिच्या हातात लाडू होता व तो मी केला होता, हे मला माहीत असूनही मी लिहिले नाही. ती आपल्या दारी आल्यास प्रथम जेवायला वाढावे. नाव विचारू नये. तिचा चेहरा तिला झाकू द्यावा. जेवण झाल्यावर एवढेच सांगावे की लेक वाट बघते आहे.' खाली सही, 'दमयंती सुमंत निसळ', पूर्ण पत्ता आणि मोबाईल नंबर. रतनबाईचं नाव त्यात कुठंही नाही.

तुमच्याही मोबाईलमध्ये असा एखादा फोटो पडून असेल. वर लाल अक्षरं असतील आणि खाली कुणाचीच सही नसेल. तो पुढं पाठवताना तुम्ही क्षणभर थांबला होतात का, हे तुमचं तुम्हालाच माहीत. स्टँडमागच्या लिंबाखाली रोज एक ताट झाकून ठेवलेलं असतं. त्यात दोन लाडू असतात, आणि ताटाबाहेर, जमिनीवर, एक बारका घास.